स्वाहिलीची सुरुवात क्रियापदापासून करा

टांझानियात किंवा केनियात नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला आल्या आल्या दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला सांगतो की स्वाहिलीसारखी सोपी भाषा जगात दुसरी नाही, महिन्याभरात बोलू लागाल. दुसरा सांगतो की या भाषेत अठरा लिंगे असतात, त्या फंदात न पडता बाजारापुरते शब्द पाठ करावेत आणि वेळ मारून न्यावी. मला दोघेही भेटले, आणि दोघांचेही ऐकल्यामुळे माझा बराच काळ फुकट गेला. ज्यांचे नमस्कार-चमत्कार, आकडे आणि ‘मला पाणी हवे’ एवढे झाले आहे, पण स्वतः वाक्य रचायची वेळ आली की ज्यांची जीभ अडते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

सोपी म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. लिपी रोमन आहे, शब्द लिहिला जातो तसाच उच्चारला जातो आणि आघात जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. स्त्रीलिंग-पुल्लिंग हा भेदच नाही. ‘आनासोमा’ म्हणजे तो वाचतो आहे किंवा ती वाचते आहे, संदर्भावरून ज्याने त्याने समजून घ्यावे. मराठीत भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माकडे पाहावे लागते, ‘मी भाकरी खाल्ली’ पण ‘मी भात खाल्ला’, तसली भानगड येथे नाही. काळ कोणताही असो, क्रियापद कर्त्याशीच बांधलेले राहते. ज्याने मराठीची तीन लिंगे लहानपणी न कळत पचवली आहेत, त्याने स्वाहिलीला घाबरण्याचे खरोखर कारण नाही. मात्र घाबरू नका याचा अर्थ बेफिकीर राहा असा घेऊ नये, कारण एका ठिकाणी बहुतेक सगळे अडकतात, आणि तेथे अडकलेला माणूस वर्षानुवर्षे तोडके-मोडकेच बोलत राहतो.

लेखनाविषयी एक खुलासा आधी करून ठेवते. रोमन लिपीतील ‘व्ही’ या अक्षरासाठी मी ‘व्ह’ आणि ‘डब्ल्यू’साठी ‘व’ लिहिले आहे, कारण स्वाहिलीत हे दोन निराळे वर्ण आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर वचनाचा घोटाळा होतो. ‘झेड’साठी ‘झ’ आहे. शब्दाच्या शेवटची ई आणि ऊ मराठी लेखनाच्या सवयीप्रमाणे दीर्घ लिहिली आहेत. उच्चारात ती लांबवू नयेत.

आता मुद्द्यावर येते. दार-एस-सलाममध्ये वस्त्यांमधून चालताना घरांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली एक सूचना वारंवार दिसते: ‘न्युम्बा हिई हाइउझ्वी’. हे घर विकाऊ नाही. मालकाच्या नकळत घर परस्पर कोणाच्या तरी गळ्यात मारण्याचे प्रकार घडतात, म्हणून लोक ते भिंतीवरच लिहून ठेवतात. ‘न्युम्बा’ म्हणजे घर, ‘हिई’ म्हणजे हे. उरलेला सगळा आशय तिसऱ्या शब्दात आहे, आणि तो असा सुटा करता येतो: ‘हा’ हा नकार, ‘इ’ हा घराचा प्रतिनिधी, ‘उझ’ हा विकणे या अर्थाचा धातू, ‘व’ हे कर्मणी रूपाचे चिन्ह, आणि अखेरची ‘ई’ ही नकारार्थी वर्तमानकाळाची खूण, जी एरवीच्या ‘आ’च्या जागी येते. पाच तुकडे, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली.

त्यातला दुसरा तुकडा, तो एवढासा ‘इ’, नीट पाहा. भूखंडावर पाटी असेल तर ती ‘किवांजा हिकी हाकिउझ्वी’ अशी होते. शेतजमिनीवर असेल तर ‘शांबा हिली हालिउझ्वी’. म्हणजे घरासाठी ‘इ’, भूखंडासाठी ‘कि’, शेतासाठी ‘लि’. आणि घरे अनेक असतील तर ‘न्युम्बा हिझी हाझिउझ्वी’. येथे ‘न्युम्बा’ हा शब्द तसूभरही बदललेला नाही, घर एक की अनेक हे केवळ ‘इ’ आणि ‘झि’ या अक्षरांनी सांगितले. स्वाहिली वाक्याचा सगळा तोल या एका अक्षरावर असतो. नामे कमी येत असली तरी चालते. हे अक्षर चुकले तर ऐकणाऱ्याला आपण कशाबद्दल बोलत आहोत हेच कळेनासे होते.

आता तो सापळा. तो मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण कोणत्याही प्राथमिक पुस्तकात तो सापळा म्हणून दाखवलेला मला आढळला नाही, उलट पहिल्या धड्यातच विद्यार्थ्याला त्यात नेऊन सोडलेले असते. बहुतेक पुस्तके नामवर्गांची (म्हणजे नामांच्या ठरलेल्या गटांची, ज्यांना तो दुसरा सल्लागार ‘लिंगे’ म्हणत होता) ओळख पुस्तक या शब्दाने करून देतात. ‘किताबू किझुरी किमोजा किमेआंगुका’, म्हणजे एक चांगले पुस्तक पडले आहे. अनेकवचन ‘व्हिताबू व्हिझुरी व्हिविली व्हिमेआंगुका’, दोन चांगली पुस्तके पडली आहेत. नाम, विशेषण, संख्या, क्रियापद, सगळ्यांच्या तोंडी एकच अक्षर. किती सुंदर, किती नियमित! विद्यार्थी खूश होतो आणि मनाशी नियम बांधतो की नामाचे पहिले अक्षर उचलायचे आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला लावत जायचे. स्वाहिली म्हणजे अनुप्रास, असा त्याचा समज होऊन बसतो.

पुढच्या धड्यात झाड येते: ‘म्ती म्झुरी म्मोजा उमेआंगुका’. तीन शब्दांपर्यंत अनुप्रास टिकला, क्रियापदाशी मात्र एकाएकी ‘उ’ आला. मग फळ येते: ‘तुंदा झुरी मोजा लिमेआंगुका’. हा ‘लि’ कोठून आला? नामात तो नाही, विशेषणात नाही. मग घर येते: ‘न्युम्बा न्झुरी मोजा इमेआंगुका’. चार शब्द आणि चार निरनिराळे आरंभ. येथे अनुप्रासाच्या नियमावर विसंबलेला विद्यार्थी हवालदिल होतो, आणि पुढचे प्रत्येक उदाहरण तो ‘अपवाद’ म्हणून वहीत नोंदवू लागतो. माझ्या वहीत अपवादांची पाने नियमांच्या पानांहून अधिक झाली होती. ज्या भाषेत अपवाद नियमांहून अधिक दिसू लागतात, त्या भाषेत दोष नसतो. आपण नियम चुकीचा धरलेला असतो, एवढे ओळखावे.

खरी गोष्ट अशी आहे की स्वाहिलीत नामाशी जुळवून घेण्याच्या तऱ्हा एक नव्हे, दोन आहेत. पहिली तऱ्हा विशेषणांची आणि काही संख्यांची. ती नामाच्या स्वतःच्या उपसर्गाचे अनुकरण करते. दुसरी तऱ्हा क्रियापदाची, आणि माझा-तुझा, हा-तो, चा-ची-चे, सगळा-सगळी या अर्थाच्या शब्दांची. ती नामाच्या उपसर्गाकडे पाहत नाही, ती त्या वर्गाच्या ठरलेल्या अक्षराकडे पाहते. पुस्तकाच्या वर्गात ही दोन्ही अक्षरे योगायोगाने एकच आहेत, ‘कि’ आणि ‘व्हि’. त्यामुळे भेद झाकला जातो. म्हणजे जो वर्ग सर्वांत सोपा म्हणून आधी शिकवतात, तोच एकटा वर्ग असा आहे की ज्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नये. प्राथमिक पुस्तके लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे नाही, पण पहिला धडा गोड व्हावा हा त्यांचा मोह विद्यार्थ्याला महागात पडतो, असे माझे ठाम मत आहे.

गोंधळ वाढवण्यात वर्गांच्या नावांचाही हात आहे. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन भाषाभ्यासकाने बांटू भाषांतील (स्वाहिली ज्या आफ्रिकी भाषाकुळातली आहे त्यातील) नामवर्गांना क्रमांक दिले, पुढे कार्ल माइनहोफ यांनी ती पद्धत वाढवली, आणि शेकडो बांटू भाषांची परस्परांशी तुलना करायची असेल तर ती उत्तमच आहे. परदेशी शिकणाऱ्यांसाठीच्या पुस्तकांत बहुधा नामाच्या उपसर्गावरून नावे देतात: म-वा, म-मि, जि-मा, न. पूर्व आफ्रिकेतील शाळांमध्ये मात्र वर्गाला ‘न्गेली’ म्हणतात आणि प्रत्येक न्गेलीचे नाव क्रियापदाच्या अक्षरांवरून ठेवलेले असते: आ-वा, उ-इ, लि-या, कि-व्हि, इ-झि, उ-झि. पहिले अक्षर एकवचनाचे, दुसरे अनेकवचनाचे. ही शाळकरी नावेच पाठ करावीत. झाड ‘उ-इ’ वर्गातले आहे एवढे कळले की ‘म्ती उमेआंगुका’ आणि ‘मिती इमेआंगुका’ ही दोन्ही वाक्ये हातात येतात. तेच झाड ‘म-मि’ वर्गातले आहे असे शिकलात तर क्रियापद कसे करायचे हे पुन्हा निराळे पाठ करावे लागते. पाचवीतल्या मुलाची व्याकरणाची वही मिळाली तर महागड्या शिकवणीपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

या एका अक्षरावरून बाकीचे शब्द कसे निघतात हे मराठी माणसाला तर फारच लवकर कळावे, कारण शाळेत आपण संधी शिकलेलो असतो. इति अधिक आदि इत्यादी, सु अधिक आगत स्वागत. इ-उ यांच्यापुढे निराळा स्वर आला की त्यांचे य-व होतात. स्वाहिलीत ‘माझा’ या अर्थाचे मूळ ‘आंगू’ असे आहे. आता वर्गाचे अक्षर त्याला जोडून पाहा. ‘इ’ अधिक ‘आंगू’ म्हणजे ‘यांगू’: न्युम्बा यांगू, माझे घर. ‘उ’ अधिक ‘आंगू’ म्हणजे ‘वांगू’: म्ती वांगू, माझे झाड. ‘व्हि’ अधिक ‘आंगू’ म्हणजे ‘व्ह्यांगू’: व्हिताबू व्ह्यांगू, माझी पुस्तके. ‘लि’ आणि ‘झि’ यांच्यातला इकार सरळ गळून जातो: शांबा लांगू, माझे शेत, न्युम्बा झांगू, माझी घरे. ‘कि’चा मात्र ‘च’ होतो: किताबू चांगू. ‘सगळा’ या अर्थाचे मूळ ‘ओते’. त्यालाही हाच हिशेब लावला की योते, वोते, व्ह्योते, लोते, झोते, चोते अशी रूपे आपोआप मिळतात. ‘हा’ म्हणायचे तर अक्षराच्या आधी ‘ह’ आणि त्याच अक्षराचा स्वर: हिकी, हिव्ही, हुऊ, हिई, हिली, हाया, हिझी. ‘तो’ म्हणायचे तर अक्षराच्या पुढे ‘ले’: किले, व्हिले, उले, इले, लिले, याले, झिले. ज्यांना हे पन्नास-साठ शब्द स्वतंत्रपणे पाठ करायला लावतात, त्यांची मला खरोखर कीव येते. पाठ करायची ती अक्षरांची मूठभर जोडपी. बाकी सगळे त्यांतून निघते. आ-वा, म्हणजे सजीवांच्या, वर्गात एकवचनी थोडी वाकडी वाट आहे (क्रियापदाला ‘आ’, पण ‘माझा’ला ‘वांगू’, ‘हा’ला ‘हुयू’ आणि ‘तो’ला ‘युले’), तेवढी निमूटपणे पाठ करून टाकावी.

‘चा-ची-चे’बद्दल मराठी माणसाला एक आयताच फायदा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. ‘मुलाचे पुस्तक’, ‘मुलाची वही’, ‘मुलाचा डबा’ यांत प्रत्यय मुलाला चिकटलेला असला तरी तो बदलतो पुस्तक, वही, डबा यांच्याप्रमाणे. इंग्रजीतून स्वाहिली शिकणाऱ्याला नेमके हेच पटत नाही. आपण ते जन्मापासून करतो आहोत. ‘किताबू चा म्तोतो’ मुलाचे पुस्तक, ‘न्युम्बा या म्तोतो’ मुलाचे घर, ‘शांबा ला म्तोतो’ मुलाचे शेत: मूल तेच, बदलली ती मालकीची वस्तू. फरक इतकाच की क्रम उलटा आहे, वस्तू आधी आणि मालक नंतर. पहिल्या उदाहरणातला ‘चा’ हा आपल्या ‘चा’सारखा ऐकू येतो म्हणून हुरळून जाऊ नये, तो फक्त कि-वर्गाच्या एकवचनापुरता आहे, आणि तो सगळीकडे लावत सुटलेले मराठी लोक मी पाहिले आहेत.

क्रमाचा विषय निघालाच आहे तर तो एवढ्यातच संपवते. कर्ता, क्रियापद, कर्म असा क्रम. नाम आधी आणि त्याची सगळी विशेषणे मागाहून. आपल्याला हे अवघड वाटते, पण खरे तर ते सोयीचे आहे: मराठीत ‘चांगली’ म्हणण्याआधीच वहीचे लिंग मनात ठरलेले असावे लागते, स्वाहिलीत नाम उच्चारून झाल्यावर विचार करायला क्षणभर अवधी मिळतो.

विशेषणांची पहिली तऱ्हा थोडक्यात. मोठा, चांगला, लांब, नवा अशी मोजकी अस्सल विशेषणे आणि एक ते पाच व आठ या संख्या नामाच्या उपसर्गाशी जुळतात. सहा, सात, नऊ, दहा बदलत नाहीत. अरबीतून आलेली साफी (स्वच्छ), घाली (महाग), राहिसी (सोपे, स्वस्त) अशी विशेषणेही बदलत नाहीत. यावरून काही हुशार मंडळी आडवाट काढतात आणि बदलणारी विशेषणे टाळून आयुष्यभर ‘साफी साना’वर भागवतात. त्यांच्या तोंडी घरही साफी, जेवणही साफी आणि माणूसही साफी. असे करू नये. इ-झि वर्गात विशेषणाचे रूप थोडे फिरते (लांब या अर्थाचे ‘रेफू’ तेथे ‘न्देफू’ होते, नवा या अर्थाचे ‘प्या’ तेथे ‘म्प्या’ होते), आणि ते कानाने सरावाचे होते. तेथे चुकलात तरी लोक समजून घेतात. क्रियापदाचे अक्षर चुकले तर मात्र तेवढी माफी मिळत नाही.

सजीवांचा नियम याहून महत्त्वाचा आहे. माणूस असो की जनावर, नामाचे रूप कोणत्याही वर्गातले दिसत असले तरी क्रियापद आणि विशेषण आ-वा वर्गाचे घेते. ‘किबोको’ म्हणजे पाणघोडा. ‘कि’ पाहून ‘किमेलाला’ म्हणायचा मोह होतो, पण तो ‘किबोको आमेलाला’, पाणघोडा झोपला आहे. याचे सर्वांत चांगले उदाहरण ‘न्देगे’ या शब्दाचे आहे, ज्याचा अर्थ पक्षीही होतो आणि विमानही. ‘न्देगे आमेरुका’ म्हटले तर पक्षी उडाला, ‘न्देगे इमेरुका’ म्हटले तर विमान उडाले. तारखेला विमानतळावर पोहोचायचे असेल तर हे अक्षर नीट ऐकावे. या नियमालाही एक पोटनियम आहे, आणि तो आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे: मित्र, वडील, भाऊ असे नात्याचे जे शब्द इ-झि वर्गाच्या रूपाचे आहेत, त्यांना ‘माझा’ म्हणताना ‘यांगू’ आणि अनेकवचनी ‘झांगू’ लागते, क्रियापद मात्र सजीवाचेच. ‘राफिकी यांगू आमेकुजा’, माझा मित्र आला आहे. ‘राफिकी वांगू’ म्हणणारा नवखा लगेच ओळखू येतो.

क्रियापदाच्या बाकीच्या जागांविषयी आता धीर द्यायला हरकत नाही, कारण येथे खरोखरच नियम पाळले जातात. कर्त्याचे अक्षर, मग काळाचे (‘ना’ वर्तमान, ‘लि’ भूत, ‘ता’ भविष्य, ‘मे’ पूर्ण), मग असेल तर कर्माचे, मग धातू आणि शेवटी स्वर. ‘वालितुपिकिया’: वा-लि-तु-पिक-इ-आ, त्यांनी आमच्यासाठी स्वयंपाक केला. लांब शब्द दिसला की शब्दकोश उघडण्याआधी पेन्सिलीने असे तुकडे पाडावेत, कारण शब्दकोशात ‘वालितुपिकिया’ सापडणार नाही, ‘पिका’ सापडेल. कर्माचे अक्षर कधी घालायचे याविषयी पुस्तके फार पाल्हाळ लावतात. मराठी माणसाने आपल्या ‘ला’ प्रत्ययाला विचारावे. ‘मी मुलाला पाहिले’ असे म्हणतो, पण ‘मी झाड पाहिले’ असेच म्हणतो. स्वाहिलीतही ‘निलिम्वोना म्तोतो’, मुलाला पाहिले, येथे मुलासाठी अक्षर येते, आणि ‘निलिओना म्ती’, झाड पाहिले, येथे येत नाही. निर्जीवासाठी ते घातले तर तीच विशिष्ट, आधी उल्लेख झालेली वस्तू असा अर्थ निघतो. हा आडाखा सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण सुरुवातीला पुष्कळ तारून नेतो.

नकाराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. स्वाहिलीत होकाराला ‘नाही’ जोडून नकार होत नाही. काळाची खूणच बदलते. ‘निनासोमा’ वाचतो आहे, त्याचा नकार ‘सिसोमी’. ‘निलिसोमा’ वाचले, त्याचा नकार ‘सिकुसोमा’. येथे भूतकाळाचा ‘लि’ जाऊन ‘कु’ आला. ‘निमेसोमा’ वाचून झाले आहे, त्याचा नकार ‘सिजासोमा’, अजून वाचलेले नाही. फक्त भविष्यकाळ सरळ आहे: ‘नितासोमा’, ‘सितासोमा’. भूतकाळाच्या नकारातला हा ‘कु’ आणि ‘तुला’ या अर्थाचा ‘कु’ एकापाठोपाठ आले की ‘सिकुकुओना’, मी तुला पाहिले नाही, असा शब्द तयार होतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला समोरचा अडखळला असे वाटते. होकार आणि नकार जोडीनेच पाठ करावेत. होकार आधी पक्का करू आणि नकार नंतर पाहू असे म्हणणाऱ्यांचा नकार कायमचा कच्चा राहतो. अरबीतून आलेली ‘रुदी’ (परतणे), ‘फिकिरी’ (विचार करणे) यांसारखी क्रियापदे शेवटचा स्वर बदलत नाहीत, आणि खाणे, पिणे, येणे ही एकाक्षरी क्रियापदे कधी ‘कु’ धरून ठेवतात, कधी सोडतात (निनाकुला, पण सिली). ही यादी छोटी आहे, तिची धास्ती घेऊ नये.

शिकावे कोणाकडून, याबद्दल थोडे परखड लिहिते. येथे दोन-तीन पिढ्या दुकानदारी केलेल्या आपल्या भारतीय मंडळींचा अनुभव मोठा, मदतीचा हात त्याहून मोठा. त्यांच्याकडून घर कसे शोधावे हे शिकावे, भाषा शिकू नये. त्यांतल्या अनेकांची स्वाहिली नोकराला हुकूम सोडण्यापुरती घडलेली असते: ‘लेते चाय’, चहा आण. तीच भाषा कार्यालयात वापरली तर समोरचा चहा आणून देईल, पण मनात नोंद करून ठेवील. टांझानियात मागणी ‘नाओम्बा’ने, म्हणजे विनंतीच्या क्रियापदाने, केली जाते: ‘नाओम्बा चाय’. नैरोबीत राहणाऱ्यांनी निराळी काळजी घ्यावी. तेथे रस्त्यावर ‘किताबू यांगू’ सर्रास ऐकू येते, सगळ्या वर्गांचे काम एकट्या इ-वर गुंडाळलेले असते, आणि मग नवख्याला वाटते की वर्गबिर्ग कोणी पाळतच नाही. ज्यांना प्रमाण रूप ठाऊक आहे त्यांनी ते सोडून बोलणे वेगळे, आणि ज्यांना ते मुळात येतच नाही त्यांनी तसे बोलणे वेगळे. प्रमाण स्वाहिली झांझिबारच्या बोलीवर उभी आहे; 1928 साली मोम्बासा येथील परिषदेत ती बोली निवडली गेली आणि 1930 मध्ये केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) व झांझिबार यांच्या संयुक्त समितीने तिच्या प्रमाणीकरणाचे काम हाती घेतले. म्हणून शिक्षक निवडता येत असेल तर झांझिबारचा किंवा किनारपट्टीचा निवडावा, आणि शक्यतो प्राथमिक शाळेत शिकवलेला. उच्चशिक्षित शिक्षक चुका सुधारायला संकोचतात. प्राथमिक शिक्षकाला तो संकोच नसतो. मोबाईलवरील अॅपविषयी माझे मत असे आहे की त्यांनी शब्द वाढतात आणि अंगठा दमतो. पर्यायांतून उत्तर निवडणे आणि तोंडातून अक्षर निघणे यांत फार अंतर आहे.

सरावाची रीत साधी आहे. नवे नाम वहीत एकटे लिहायचे नाही. ‘मेझा, टेबल’ असे लिहिण्याऐवजी ‘मेझा यांगू इमेआंगुका, मेझा झांगू झिमेआंगुका’ असे जोडवाक्य लिहायचे, माझे टेबल पडले आहे, माझी टेबले पडली आहेत. टेबल पडो न पडो, वर्ग पक्का होतो. सोबतीला ‘म्वानांची’ किंवा ‘हाबारीलेओ’ यांसारख्या वर्तमानपत्राचे एक पान घ्यावे, बातमीतले प्रत्येक क्रियापद अधोरेखित करावे आणि त्याच्या पहिल्या अक्षरावरून मागे जाऊन त्याचे नाम शोधावे. अर्थ लागला नाही तरी चालेल, नाम सापडले पाहिजे. बीबीसीची स्वाहिली सेवा 1957 पासून चालू आहे. तिच्या बातम्या संथ, प्रमाण भाषेत असतात आणि त्यांत अक्षरे स्वच्छ ऐकू येतात, म्हणून कानासाठी त्या चांगल्या.

काही गोष्टी मुद्दाम पुढे ढकलाव्यात. ‘जो येईल तो’ अशी संबंधी रूपे, जी ‘आताकायेकुजा’सारख्या एकाच शब्दात बसवलेली असतात, ती काळाच्या खुणा हाताखालच्या झाल्याशिवाय उघडू नयेत. जागा दाखवणाऱ्या पा-कु-मु वर्गाचेही तेच: ‘न्युम्बानी’ म्हणजे घरी, ‘सोकोनी’ म्हणजे बाजारात, एवढा शेवटचा ‘नी’ लावता आला की पहिले सहा-आठ महिने निभावतात. पलीकडे ‘न्युम्बानी क्वांगू’ आणि ‘न्युम्बानी म्वांगू’ यांत, म्हणजे माझ्या घरी आणि माझ्या घराच्या आत यांत, भेद करायची वेळ येईल तेव्हा वर सांगितलेला संधीचाच हिशेब तेथेही लागतो: ‘कु’ अधिक ‘आंगू’, ‘मु’ अधिक ‘आंगू’.